मुक्कामी गाडी

डिसेंबर २०२० मध्ये नगरहून वाळूजला जाताना प्रवरासंगमच्या पुलाअलीकडे आमची गाडी पंक्चर झाली. मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात पुरवठा विभाग सांभाळत होते. मोटारींचे सुटे भाग बनवणारा कारखाना, आणि माझं काम म्हणजे कुठल्याही परिस्थितीत लाईन थांबू द्यायची नाही. नगर, वाळूज, चाकणच्या पुरवठादारांकडे महिन्याला चार-पाच चकरा व्हायच्या. त्या पुलावरून मी दहा वर्षांत किती वेळा गेले असेन, याचा हिशेब नाही. खाली गोदावरी आणि प्रवरा एकमेकींना मिळतात हे माहीत होतं, पण पूल येईपर्यंत मान फोनमध्ये आणि पूल गेल्यावरही फोनमध्येच.

ड्रायव्हर चाक बदलत होता तेवढ्यात मी टोक्याच्या घाटावर उतरले. सिद्धेश्वराच्या देवळाचं दगडी कोरीवकाम पाहत उभी राहिले. समोर रुंद, संथ पाणी. पायऱ्यांवर दोन बायका कपडे धूत होत्या. एकीने विचारलं, "कुठल्या बाई तुम्ही?"

"नाशिकच्या."

"म्हणजे आमच्या गंगेच्या माहेरच्या की!"

गोदाकाठी नदीला गंगाच म्हणतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण मी नदीच्या माहेरची आहे, असं मला कोणी कधी म्हटलं नव्हतं. आणखी दोन शब्द बोलायचे होते, तोवर फोन वाजला. वाळूजहून निघालेला ट्रक वैजापूरला अडकला होता.

राजीनामा द्यायला त्यानंतर वर्ष उलटलं. नोकरी सोडायची म्हणून कोणी मला विचारायला आलं, तर मी आधी त्या वर्षाबद्दलच सांगते.

घरी विषय काढला तेव्हा नवऱ्याने कागद पुढे ओढला. तो ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो. म्हणाला, "आधी सहा महिने तुझा पगार येतच नाही असं धरून राहून बघू." एप्रिल २०२१ पासून माझा सगळा पगार वेगळ्या खात्यात जाऊ लागला आणि इंदिरानगरचं घर त्याच्या एकट्याच्या पगारावर चाललं. पहिल्याच महिन्यात कुठे चिमटा बसतो ते कळलं. मोठ्या गाडीचा हप्ता डोईजड झाला. ती विकून कर्ज फेडलं आणि जुनी वॅगनआर घेतली. लेकीचा क्लास तेवढा चालू ठेवला. सहाचे नऊ महिने झाले आणि त्या खात्यात ७ लाख २० हजार जमले. महिन्याला ३० हजारांप्रमाणे दोन वर्षांची सोय. ग्रॅच्युइटीचा हिशेब मी स्वतः केला: शेवटचा मूळ पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. ४८ हजारांवर १६ वर्षांचे ४ लाख ४३ हजार होत होते. प्रॉव्हिडंट फंडाला हात लावायचा नाही, हेही ठरवून टाकलं.

इतकं करूनही एक गोष्ट माझ्याकडून राहिली. बाबांचा आरोग्य विमा माझ्या कंपनीच्या गट विम्यातून होता आणि तो माझ्या शेवटच्या दिवशी संपणार होता. बाबा ७१ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. नव्या पॉलिसीचा हप्ता मोठा होताच, वर आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ, म्हणजे तो सरेपर्यंत त्या आजारांचा खर्च विमा देत नाही. नोकरीत असतानाच वेगळी पॉलिसी घेतली असती तर तो काळ पगार चालू असताना सरला असता. पुढची तीन वर्षं बाबांना साधी चक्कर आली तरी माझ्या पोटात गोळा यायचा. नोकरी सोडायचा विचार मनात असेल तर बाकी काही नंतर करा, पण हे आधी करा.

जानेवारी २०२२ मध्ये राजीनामा दिला. नव्वद दिवसांची नोटीस. साहेब चांगले होते. "महिनाभर रजा घे, फिरून ये, डोकं शांत होईल," असं त्यांनी मनापासून सांगितलं. माझं डोकं शांतच होतं. मला फिरायचं होतं आणि त्याबद्दल मराठीत लिहायचं होतं, आणि ते रजेत मावणारं काम नव्हतं.

त्याच काळात एसटीचा संप चालू होता. बाबा नाशिक डेपोतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. विलीनीकरणाची मागणी घेऊन लोक महिनोन्‌महिने बसले होते आणि बाबा दुपारचं जेवण झालं की त्यांच्यात जाऊन बसायचे. घरात एकाच वेळी एक जण नोकरी सोडत होती आणि एकाच्या जिवाभावाचे लोक नोकरीसाठी झगडत होते. मला त्या दिवसांत बाबांच्या डोळ्याला डोळा देणं जड जायचं. ते मात्र मला एका शब्दाने बोलले नाहीत.

पहिली सफर मे महिन्यात, कोकणात, एकटीने. दापोली, गुहागर, गणपतीपुळे, मालवण, वेंगुर्ला, आंबोली, कोल्हापूर आणि परत. नऊ दिवस, १,९०० किलोमीटर, १,४०० फोटो. निघण्याआधी एक्सेलमध्ये तासातासाचा तक्ता केला होता, कुठे किती वाजता पोचायचं, कुठे काय खायचं. सोळा वर्षं ट्रकांचं जे केलं ते आता स्वतःचं करत होते. परत आल्यावर पंधरा दिवसांत अकरा लेख लिहून ब्लॉगवर टाकले आणि बाबांना मोबाईलवर वाचायला दिले. त्यांनी चष्मा लावून गुहागरचा लेख सावकाश वाचला.

"मुक्काम केलास ना तिथे?"

"हो, एक रात्र."

"मग पहिली गाडी किती वाजता सुटते?"

मला माहीत नव्हतं. बाबा म्हणाले, "गावात रात्र काढली की पहिल्या गाडीने जाग येतेच गं," आणि फोन परत दिला.

मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या पोरांना आता सांगावं लागतं. संध्याकाळी डेपोतून सुटायची, शेवटच्या गावात रात्रभर थांबायची आणि पहाटे कॉलेजची पोरं, दूधवाले, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं घेऊन परत यायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच नाहीतर देवळात झोपायचे. बाबांनी पेठ-सुरगाण्याकडच्या मुक्कामी गाड्या कित्येक वर्षं चालवल्या. कोणत्या पाड्यावर नागली चांगली पिकते, कोणाच्या घरचं पाणी गोड, कोणाची सून बाळंतपणाला कुठे गेली, हे त्यांना ठाऊक असायचं. लहानपणी वाटायचं, बाबा रात्री घरी का नसतात. तो लेख वाचून झाला त्या दिवशी कळलं, की मला जो प्रवास करायचाय तो बाबांनी खाकी शर्ट घालून आधीच केलाय.

मग मी तक्ता टाकून दिला. पावसाळाभर नाशिकच्या आसपासच राहिले. सिन्नरच्या गोंदेश्वराला घरापासून तासाभरात पोचता येतं. तिथे दोन रात्री राहून तीन दिवस नुसती बसले. यादवकाळातलं ते पंचायतन सकाळी काळं, दुपारी करडं आणि पाऊस पडून गेला की जवळजवळ निळं दिसतं. पहिल्या दिवशी दुपारीच हात शिवशिवायला लागले, निघावं, अजून काहीतरी उरकावं. तिसऱ्या दिवशी ते कमी झालं. सावकाश फिरणं मला आपोआप जमलं नाही. ते असं बसून बसून शिकावं लागलं.

नोव्हेंबरात नदी धरली. त्र्यंबकहून नांदेडपर्यंत, काठाकाठाने. बाबांनी तीन गोष्टी बजावल्या होत्या. दिवसाला साठ किलोमीटरच्या वर गाडी हाकायची नाही. एका गावात निदान दोन रात्री. आणि दिवेलागणीला गाडी उभी म्हणजे उभी. तिसरी किती मोलाची, ते कोपरगावच्या पुढे समजलं. ऊसतोडीचा हंगाम सुरू झालेला. अंधारात ऊस लादलेली ट्रॉली पुढे असते, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

ब्रह्मगिरीवर उगम पाहिला, कुशावर्तावर सकाळ काढली, आणि मग स्वतःच्याच शहरात पाहुण्यासारखी एक दिवस रामकुंडावर बसले. पुढे चांदोरीला एका द्राक्षबागाईतदाराच्या ओट्यावर चहा झाला. ते म्हणाले, "पावसाळ्यात आम्ही धरणाच्या आकड्याआधी दुतोंड्या मारुतीची खबर विचारतो. पाणी त्याच्या कुठपर्यंत आलं ते कळलं, की इकडे काय हलवायचं ते ठरतं." हा मारुती म्हणजे रामकुंडाजवळ नदीपात्रात उभी असलेली मूर्ती, पुराचं पाणी किती चढलं ते नाशिकमध्ये तिच्यावरून सांगतात. पूर आला की आम्ही नाशिककर छत्री घेऊन मारुती बघायला जातो. खालच्या गावात त्याच मारुतीवर गोठ्यातली जनावरं हलवायचं ठरतं, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

नांदूर मध्यमेश्वरला चापडगावात तीन रात्री होते. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा हा बंधारा आणि त्यामागची पाणथळ, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. दुर्बीण घेऊन फिरवणारी गावातलीच पोरं आहेत. माझ्याबरोबरचा पोरगा म्हणाला, "ताई, गाडीवाले लोक अकराला येतात, पक्षी बघायचे तर साडेसहाला यायचं. अकराला उन्हात काय दिसणार?" साडेसहाला धुकं होतं. आधी फक्त आवाज, मग हळूहळू थापट्या बदकांचा थवा, मग जांभळ्या पाणकोंबड्या आणि चक्रवाकांची एक जोडी. थंडीने बोटं आखडली होती, फोटो एकही धड आला नाही. त्या सकाळीवर मी लिहिलं ते अजूनही सगळ्यात जास्त वाचलं जातं.

पुणतांब्याला चांगदेवांच्या समाधीशी गेले. तिथे २०१७ च्या शेतकरी संपाच्या गोष्टी लोक कालच घडल्यासारख्या सांगत होते. मग टोकं, पंक्चरच्या दिवशीचा तोच घाट. जवळच्या देवगडच्या भक्तनिवासात खोली घेतली आणि घाटावर दोन दिवस गेले. ती बाई भेटेल असं वाटत होतं. नाव विचारलेलं नव्हतं, चेहरा अर्धवट आठवत होता. भेटली नाही. पायऱ्यांवर दुसऱ्या बायका होत्या, त्यांच्याशी गप्पा झाल्या. पुलावरून गाड्या जातच होत्या आणि घाटावरून त्या फार वेगात जातात असं वाटतं.

पैठणला चार रात्री काढल्या आणि तरी निघवत नव्हतं. पहाटे नाथांच्या समाधीपाशी काकडा ऐकायचा, दिवसभर गावात, संध्याकाळी धरणाच्या बाजूला. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ची, लोकार्पण १९७६ चं, मातीचा बांध जवळपास दहा किलोमीटर लांब. एका आजोबांनी पाण्यात बोट दाखवून म्हटलं, "आमची पांढरी तिथे होती." गाव पाण्याखाली गेलं तेव्हा ते तरुण होते. बोलता बोलता मी नाशिकची आहे हे कळलं आणि त्यांचा आवाज बदलला. "तुम्ही वरचे लोक आम्हाला पाणी सोडत नाही."

मी गप्प बसले. नाशिकमध्ये हेच वाक्य उलटं ऐकलंय, आमचं पाणी खाली जातं म्हणून. गंगापूर, दारणेतून पाणी सुटलं की आमच्याकडे आंदोलनं होतात. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटप आलं, पावसाळा संपला की जायकवाडीत किती साठा आहे त्यावर वरच्या धरणांतून किती सोडायचं ते ठरतं, आणि दोन्हीकडचे लोक दुष्काळी वर्षात कोर्टाची पायरी चढतात. मी या विषयावरच्या बातम्या वर्षानुवर्षं वाचल्या होत्या. पांढरी बुडालेल्या माणसाच्या शेजारी बसून त्या पाण्याकडे पाहणं निराळं होतं. आजोबाच शेवटी म्हणाले, "यंदा भरलंय म्हणून एवढं गोड बोलतोय. चला, जेवायला चला." त्यांच्या घरी बाजरीची भाकरी आणि पातीच्या कांद्याची भाजी जेवले. त्या दिवसावर लिहायला मला पाच आठवडे लागले, कारण दोन्ही काठांना न दुखावता खरं लिहायचं होतं. नाशिकच्या काही वाचकांनी मला खडसावलं. मी एक शब्द बदलला नाही.

पुढे राक्षसभुवनला मराठे आणि निजामाची १७६३ ची लढाई कुठे झाली ते शोधत फिरले, गंगाखेडला जनाबाईच्या गावी राहिले, आणि नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये शेवटचं जेवण केलं. सगळं गोड नव्हतं. वाटेतल्या एका गावात लॉजवाल्याने "एकट्या बाईला खोली देत नाही" म्हणून परत पाठवलं, सूर्य मावळतीला आला असताना. तेव्हापासून मी दुपारी दोनच्या आत मुक्कामाचं पक्कं करते, आणि भक्तनिवास किंवा गावातल्या शिक्षिकेचं, अंगणवाडीताईचं घर आधी विचारते. स्वच्छतागृह हा बायकांच्या प्रवासातला मोठा प्रश्न आहे आणि त्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून मी प्रत्येक लेखात लिहिते. कुठला पेट्रोलपंप, कुठला एसटी स्टँड, कडी लागते का, पाणी असतं का. त्याच्याखाली पहिल्या गाडीची वेळ.

सव्वीस दिवस, जाऊन-येऊन १,१४० किलोमीटर. पेट्रोलला ६,७०० रुपये, राहण्याला साधारण चौदा हजार, खाण्याला सहा. कोकणच्या नऊ दिवसांना याहून जास्त लागले होते.

पैशाचं स्पष्ट सांगते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. ब्लॉगवरच्या जाहिरातींतून पहिल्या वर्षात नऊ हजारही सुटले नाहीत. खात्यात शंभर डॉलर जमल्याशिवाय गुगल पैसे पाठवत नाही, आणि त्याआधी पत्ता पडताळायला पोस्टाने पिन येतो. तो कागद पोस्टमन काकांनी हातात दिला तेव्हा पगाराच्या पहिल्या चेकइतका आनंद झाला, पण त्यावर घर चालत नाही. घर चालतं ते इतर गोष्टींवर. शनिवार-रविवारी मी पंचवटी आणि जुन्या नाशिकमधून लोकांना पायी फिरवते. दिवाळी अंकांत लिहिते, मानधन थोडं असतं पण वेळेवर येतं. आणि आठवड्यातून एक दिवस अंबडमधल्या एका छोट्या कारखान्याचा मालसाठा बघते, कारण ते काम मला येतं आणि मला ते आवडतंही. सगळं धरून जुन्या पगाराच्या चाळीस टक्क्यांपर्यंत पोचते. एका रिसॉर्टने जुन्या पगाराच्या निम्मी रक्कम एका लेखाला देऊ केली होती. मात्र पैसे घेतल्याचं लिहायचं नाही अशी अट. जाहिरात असेल तर तसं स्पष्ट सांगायचं, हा जाहिरात मानक परिषदेचा २०२१ पासूनचा नियम आहे. नियम नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. चापडगावच्या सकाळीवर विश्वास ठेवणारा माणूस त्या रिसॉर्टवरही विश्वास ठेवेल, आणि तो विश्वास माझ्या मालकीचा नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबाच म्हणाले, "संपानंतर बाऱ्ह्याची मुक्कामी परत सुरू झाली का, कोणाला धड माहीत नाही. बघून येऊ." दिंडोरी, ननाशी करत वॅगनआर घेऊन निघालो. बाबा शेजारी बसून प्रत्येक वळणाआधी हात थोडा वर करत होते, हॉर्न वाजव म्हणून. दुपारी पोचलो. बाबा झोपायचे ते देऊळ आता सिमेंटचं झालंय. एका घरी नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं झालं. घरातल्या माणसाने बाबांना ओळखलं. शाळकरी असताना पहाटे गाडी सुटेल म्हणून तो दप्तर उशाला घेऊन झोपायचा, आणि कधी उशीर झालाच तर बाबा गाडी चालू ठेवून त्याच्या दारासमोर दोनदा हॉर्न द्यायचे.

अंधार पडल्यावर लांबून दोन दिवे दिसले. बाबा उठून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. गाडी थांबली, सहा-सात माणसं उतरली. ड्रायव्हर तिशीतला होता. बाबांनी आपला बिल्ला नंबर सांगितला तसा तो खाली उतरला, त्यांच्या पाया पडला. मग दोघं टायरांना हात लावत गाडीभोवती फिरले, क्लचबद्दल काहीतरी बोलत राहिले. कंडक्टरने चहा आणला.

सकाळी पावणेसहाला गाडी सुटली. मी जागी होते. बाबा गोधडीतून म्हणाले, "सुटली," आणि कूस बदलून परत झोपले. त्या दिवशी आम्ही तिथेच राहिलो.